मामीचे पित्ताचे खडे

माझी मामी पुतळ्यांना कपडे घालते. कपड्यांच्या तीन मजली दुकानात, रस्त्याकडच्या काचेमागे उभे असतात ते पुतळे. हे काम ऐकायला सोपं वाटतं. पण पुतळा हात वर करत नाही, पोट आत घेत नाही, की 'थांब, मान अडकली' म्हणत नाही. आधी त्याचे हात खांद्यातून काढायचे, सदरा चढवायचा, मग बाहीतून एकेक हात आत सरकवून पुन्हा खांद्यात फिरवून बसवायचा. पँट घालायची तर आडवा पाडून एक पाय उपटायचा. एवढं करून कपडा अंगावर ढगळच लोंबतो, कारण पुतळे ज्या मापाचे बनवतात त्या मापाचं माणूस अजून जन्माला यायचंय. मग मामी पाठीमागून कपड्याला चुण्या घेते, टाचण्या लावते, चिमटे लावते. छातीकडे कापड पडलेलं दिसलं तर आतून पातळ कागदाचे बोळे भरते. समोरून बघणारा म्हणतो, काय बसलाय अंगावर.

"गिऱ्हाईक काचेच्या पुढूनच बघतं," मामी म्हणते. "मागून बघायला त्याला आत यावं लागतं. आणि आत आलं की आपलं काम झालं."

या तत्त्वावर तिची नोकरी वीसेक वर्षं सुखाने चालली आहे. त्याच तत्त्वावर तिने शरीर चालवून पाहिलं, त्याची ही गोष्ट.

दुकानात तिला पुतळेबाई म्हणतात. काम करताना ओठांत तीन-चार टाचण्या धरायची सवय, त्यामुळे ती अर्ध्या गोष्टी दातांतून बोलते आणि उरलेल्या अर्ध्या बोलतच नाही. एवढ्या वर्षांत एकही टाचणी तिने गिळली नाही, याचा तिला अभिमान आहे. बाकी बरंच काही गिळलं, पण त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

चाळिशीला आलेल्या बायका आरशात बघतात. मामी काचेत बघायची. काचेत तिच्या प्रतिबिंबाशेजारी कायम एक पुतळी असायची, आणि ती पुतळी दरवर्षी तेवढ्याच वयाची. माणसाने कुणाशी बरोबरी करावी याला काही मर्यादा असावी, पण रोज आठ तास जिच्या अंगाला हात लावायचा तिच्याशी तुलना होणारच. त्यात पुतळीचं सगळं जिथल्या तिथे. प्लास्टिक ओघळत नाही. मी प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, मला हे नीट माहीत आहे. मामीला सांगायला मात्र तेव्हा मी शाळेत होते.

चपलांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, एक सौंदर्यकेंद्र निघालं होतं. आत मऊ खुर्च्या, काचेच्या पेटीत मासे आणि पांढऱ्या कोटातली एक बाई. ती डॉक्टर होती का, हे तिथे कुणी विचारत नसे, कोट पांढरा होता ना. ती म्हणायची, कापाकापी नाही, टाके नाहीत, सुईने जेल भरायचं, सकाळी या आणि दुपारच्या जेवणाला घरी जा. जेल कसलं, तर "नैसर्गिक". नैसर्गिक म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं समजतात.

शिवाय जोडीने येणाऱ्यांना सवलत होती.

आता इथे मामीने जी चूक केली ती आमच्याच घरात होऊ शकते. मैत्रिणीला न्यावं, तर मैत्रीण सगळीकडे सांगणार. बहिणीला न्यावं, तर ती आधी रडणार आणि मग सांगणार. मामीने डोकं चालवलं आणि थेट नणंदेला गाठलं. नणंद म्हणजे माझी आई. मामीचा हिशोब असा की, चुगली जिच्याकडून व्हायची तिलाच भागीदार करून टाकलं की चुगली करणार कोण? हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, उगाच कोडं नको.

माझी आई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. दरवर्षी नव्या वर्गाला ती एक भाषण देते. देवाने आपल्याला जसं घडवलं तसं आपण सुंदर असतो, हे त्याचं सार. भाषण चांगलं असतं, टाळ्या पडतात. त्या वर्षीचं भाषण देऊन आई घरी आली, कपडे बदलले आणि मामीबरोबर चपलांच्या दुकानाचा जिना चढली. एकाच बाटलीतलं जेल दोघींना भरलं. खाली उतरताना दोघींनी एकमेकींना शपथ घातली की हे मेलं तरी बोलायचं नाही. दोघींचं आयुष्यात एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

सुरुवातीची वर्षं छान गेली. मामी काचेपुढे ताठ उभी राहायला लागली. माझे मामा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांना घरातले नवे पडदे सहा महिन्यांनी दिसले होते. ते एवढंच म्हणाले, "तब्येत सुधारली तुझी." मामीने ते आईला येऊन सांगितलं आणि दोघी स्वयंपाकघराचं दार लावून हसत बसल्या. नणंद-भावजय दार लावून हसतायत म्हणजे नक्की कुणाचं तरी वाटोळं होणार, असं बाबा म्हणाले. बाबांचा अंदाज सहसा चुकतो.

मग जेलला कंटाळा आला. एका जागी बसायचं काम कुणाला आवडतं? मामीच्या उजव्या बाजूचं हळूहळू काखेकडे निघालं, डावीकडचं खाली उतरलं आणि घट्ट झालं. हाताला गोटे लागायला लागले, हात वर केला की ओढ बसायची. मामीने तिला येत होता तोच उपाय केला. ढगळ जाकिटं घ्यायला लागली, आतून कागदाचे बोळे भरून दोन्ही बाजू सारख्या करायला लागली, मागून चिमटा. समोरून बघणाऱ्याला काय कळतंय? तक्रार करायला सौंदर्यकेंद्रात गेली तर तिथे मोबाईलचं दुकान. मासेही नाहीत.

दुकानाने एकदा सगळ्या बायकांची तपासणी करवली. त्यात मामीच्या छातीचा फोटो निघाला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "आत काही भरून घेतलंय का?"

"नाही," मामी म्हणाली.

"कधीच?"

"कधीच."

फोटोत नुसते ढग दिसत होते. डॉक्टर म्हणाले, डावीकडे एक गाठ हाताला लागतेय, मोठ्या रुग्णालयात दाखवा. त्या संध्याकाळी मामी आमच्याकडे आली आणि आईऐवजी मला गच्चीवर घेऊन गेली.

"तू मशिनमधली पोरगी," ती म्हणाली. "तुला घाण वाटायची नाही. माझ्याबरोबर ये."

"मामांना नको का न्यायला?"

"त्यांना काय सांगू? पुतळ्यात भरायचं ते स्वतःत भरून घेतलं म्हणून?"

रुग्णालयातल्या सर्जनबाई उंच होत्या आणि त्यांना फार बोलायला वेळ नव्हता. त्यांनी मामीला मोठ्या मशिनच्या बोगद्यात घालून फोटो काढले, पडद्यावर लावले आणि तोच प्रश्न विचारला. मामीने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"थोडं," ती म्हणाली.

पडद्यावर ते थोडं दोन्ही बाजूंना छातीच्या स्नायूपर्यंत पसरलेलं होतं, एक ओघळ काखेत गेला होता. बाईंनी वर्णन करायला लावलं. जेल कसलं होतं, हे त्यांच्या बोलण्यावरून माझ्या लक्षात आलं. कुंडीतल्या मातीत ओलावा टिकावा म्हणून पाणी पिऊन फुगणारे दाणे टाकतात ना, त्यांच्याच भाऊबंदांपैकी. कुंडीवाल्या पाकिटावर निदान कसं वापरावं ते छापलेलं असतं.

"हे बघा," सर्जनबाई म्हणाल्या, "ही गाठ जेलची असू शकते, कर्करोगाची असू शकते. या राड्यात मला दोन्ही सारखंच दिसतंय. सगळं उघडून, जेल काढून, गाठ तपासायला पाठवल्याशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही. आणि जेल पूर्ण निघत नाही, मांसात मुरलेलं असतं. जेवढं निघेल तेवढं काढू."

मामी पडद्यावरच्या फोटोकडे बघत होती. मग तिने विचारलं, "समोरून कसं दिसेल?"

"लहान दिसेल. खड्डा पडेल, दोन्ही बाजू सारख्या राहतीलच असं नाही. नंतर काही बसवता येईल का ते पुढच्या वर्षी बघू. आधी गाठ."

घरी येताना बसमध्ये तिने माझा हात धरला होता. पुतळ्याचा हात खांद्यात बसवताना धरते तसा, मनगटापासून, घट्ट.

आता प्रश्न आला सांगण्याचा. आमच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. आई खुर्चीत, मामी ओट्याला टेकून, मी दाराशी. तिथेच मला कळलं की जोडीची सवलत कुणी घेतली होती.

"तू सांगितलंस की माझं निघालंच," आई म्हणाली.

"तुमचं नाव मी कशाला घेऊ, वन्सं?"

"नाव घ्यावं लागत नाही. तुझ्या नवऱ्याला म्हणजे माझ्या भावाला एक कळलं की तो दुसरं विचारतो. कोणाबरोबर गेली होतीस, म्हणेल."

"ते पडदे बघत नाहीत, हे कुठलं विचारतायत?"

"आणि शाळेत कळलं म्हणजे? मी त्या मुलींसमोर काय तोंडाने उभी राहू?"

"मला कर्करोग असू शकतो, वन्सं."

आई थांबली. तिच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी हललं, पण ती मुख्याध्यापिका आहे, हललेलं लगेच जागेवर बसवते. "असं अभद्र बोलू नये," ती म्हणाली. "तू ऑपरेशन करूनच घे, मी रजा टाकून तुझ्याजवळ बसते. फक्त सांगताना पित्ताचे खडे सांग. खड्यांना कुणी काही विचारत नाही."

ही समजूत सपशेल चुकीची निघाली. कर्करोग म्हटलं असतं तर नातेवाईक घाबरून लांब राहिले असते. खडे म्हटल्यावर प्रत्येकाकडे अनुभव होता. बाबांच्या आत्यांनी फोन करून सांगितलं की त्यांचे खडे लिंबाएवढे होते. मामांच्या साडूंनी विचारलं, खडे घरी देतात का, बघायला मिळतील का. शेजारच्या काकूंनी तर ऑपरेशनच कशाला, म्हणून एक काढा आणून दिला. बिचारी मामी तो दोन दिवस प्यायलीही. एवढ्या मोठ्या संकटात तिला खोट्या आजाराचं खरं औषध घ्यावं लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामा, मामी आणि मी रुग्णालयात पोचलो. आई मागून येणार होती. मामांच्या खांद्यावर पिशवी, माझ्या हातात मशिनचे फोटो. लिफ्टमध्ये शिरल्यावर मामांनी सवयीने आधी छताकडे बघितलं, मग आवाज ऐकला आणि "वंगण नाही" असं स्वतःशी म्हणाले. मामीने चारचं बटण दाबलं.

मामांनी बटणांशेजारची पाटी वाचली. "पोटाचे विकार तिसऱ्यावर लिहिलंय."

"चौथ्यावरच जायचंय."

"चौथ्यावर स्तनविकार लिहिलंय."

मामीच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी असल्यासारखे तिने ओठ आवळले. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली, कुणी आलं नाही, दार लागलं.

"अहो," ती म्हणाली, "खडे नाहीत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते भरून घेतलंस, ते."

मी दाराच्या फटीकडे बघत राहिले. एवढ्याशा डब्यात दुसरीकडे बघायला जागा नसते.

"कधीपासून माहीत आहे?" मामीने विचारलं.

"तेव्हापासूनच. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं असतं. आत कोण चढलं, कोण उतरलं, ते मला दोरावरून कळतं. बायकोचं कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलली नाहीस. म्हटलं, हिला वाटतंय कुणाला कळलं नाही, तर वाटू दे. खूश होतीस."

"आणि नंतर?"

"नंतर खूश नव्हतीस," मामा म्हणाले. "तेव्हा विचारायला पाहिजे होतं."

तिसरा मजला आला. पोटाच्या विकारांचं दार उघडलं, एक म्हातारे गृहस्थ आत यावं की नाही याचा विचार करत राहिले, आणि दार लागलं.

"डावीकडे गाठ आहे," मामी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा तिच्या हाताबाहेर गेला. "कसली आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही म्हणतात."

मामांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि रिकाम्या झालेल्या हाताने तिचं कोपर धरलं. मग म्हणाले, "हे खड्यांचं कुणी सुचवलं?"

"वन्संनी."

"ताईला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तिला कसं काय ठाऊक?"

मामीने काचेच्या कामात वीस वर्षं घालवली आहेत, चेहरा कोरा ठेवणं तिला चांगलं जमतं. पण मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मी मजल्यांचे आकडे वाचायला लागले. दोरावरून वजन ओळखणारा माणूस तो.

"हं," मामा म्हणाले, आणि चौथा मजला आला.

मामीला रुग्णालयाचा झगा दिला, मागून उघडा, दोन नाड्यांचा. तिने तो घालून माझ्याकडे पाठ केली. "याला मागून चिमटा हवा होता," ती म्हणाली, आणि चाकाच्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

दुपार टळेपर्यंत आम्ही बाहेर बसलो. आई आली, तिने मामांना दोनदा सांगितलं की खड्यांना वेळ लागतोच. मामा दोन्ही वेळा "हो ना" म्हणाले.

सर्जनबाईंनी नंतर सांगितलं ते असं. स्तनाच्या खालच्या घडीतून दोन्हीकडे छेद घेतला. पिवळट जेल दाबाने बाहेर आलं, शिळ्या खळीसारखं. ते काढून आतली जागा मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, मुरलेलं मांस कापून काढलं, काखेतला ओघळ उपसला. शरीराने ठिकठिकाणी जेलभोवती भिंती बांधल्या होत्या. डावीकडची गाठ पूर्ण काढून तपासायला पाठवली होती, निकालाला काही दिवस लागणार होते.

मामी शुद्धीवर आली तेव्हा तिच्या छातीला पट्टे होते आणि दोन्ही बाजूंनी एकेक नळी निघून छोट्या बाटलीत गेली होती. बाबांच्या आत्या भेटायला आल्या, त्यांनी नळ्या पाहिल्या.

"पित्ताच्या नळ्या एवढ्या वर?"

"नवीन पद्धत आहे," आई म्हणाली.

"दोन दोन?"

"एक जास्तीची."

आत्यांनी मान डोलावली. विज्ञान फार पुढे गेलंय, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाई फेरीला आल्या. पट्टे बघता बघता त्या मामीला म्हणाल्या, "तिथे तुमच्याबरोबर आणखी कुणी टोचून घेतलं असेल तर त्यांना निरोप द्या. दुखत नसलं तरी दाखवून घ्यायचं. थांबायचं नाही."

"त्या बाई आता कुठे असतात कोण जाणे," आई म्हणाली, आणि मामीच्या पायावरचं पांघरूण, जे व्यवस्थित होतं, ते पुन्हा व्यवस्थित केलं.

निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मामीने कुणाला टोमणा मारला नाही, यावरून तिची भीती आम्हाला कळत होती. मामा सकाळ-संध्याकाळ त्या बाटल्या धरून तिला वऱ्हांड्यात फिरवत. एकदा तिने मला विचारलं, "गाठ वाईट निघाली तर दोन्ही काढतील का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. प्लास्टिकचं काही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

निकाल चांगला आला. कर्करोग नव्हता. जेलच होतं, मांसात अडकून दगड झालेलं, म्हणजे एका अर्थी खडाच. सर्जनबाईंनी ते मामीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने त्यांना आणखी एकदा सांगायला लावलं. मग बाई जायला वळल्या तशी मामीने हात पुढे करून त्यांच्या कोटाच्या पाठीवर पडलेली चुणी सरळ केली. त्या थांबल्या आणि त्यांनी तिला ती करू दिली.

आता मामी परत दुकानात जाते. डावीकडे खड्डा आहे, उजवी बाजू जरा बरी. हात वर करायला त्रास होतो म्हणून उंच पुतळ्यांना ती बसून कपडे घालते, म्हणजे आधी पुतळ्यांना बसवते. जाकिटं बंद झाली. मालक म्हणाले, बारीक झालात. ती म्हणाली, खडे काढले. पुतळ्यांच्या छातीत कागदाचे बोळे ती अजूनही भरते. मी एकदा तिला चिडवलं, तर म्हणाली, "त्यांचं परत काढता येतं."

आणि आई. सर्जनबाई बोलल्यापासून ती एका कुशीवरच झोपते, हे बाबांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी दोनदा विषय काढला, तिने दोनदा मला माझ्या लग्नाचं विचारलं. नव्या वर्गाचं भाषण तिने या वर्षी दिलं नाही, घसा बसलाय म्हणाली.

गेल्या रविवारी मामा-मामी आमच्याकडे जेवायला होते. बाबांच्या आत्याही होत्या. जेवण उरकत आलं तेव्हा आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात तिला रुग्णालयात दाखल व्हायचंय, तिलाही पित्ताचे खडे झालेत.

मामीने ताटातून मान वर केली नाही. आत्या म्हणाल्या, अगं बाई, हे घराण्यातच दिसतंय.

मामांनी शेवटचा घास खाल्ला, हात पुसले आणि पहिल्यांदाच बहिणीकडे नीट बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "एकाच बाजूला आहेत की दोन्हीकडे?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग मामीकडे, मग माझ्याकडे. कुणीच मदतीला आलं नाही.

"दोन्हीकडे," आई म्हणाली.

"मग चौथा मजला," मामा म्हणाले. "मी सोडतो तुला. लिफ्टला वंगण घातलंय आता."